बहुमताने घातलेली बंदी न्यायालय कशी काय उठवू शकतं?

प्रश्न असा आहे : अमेरिकेत तीसेक राज्यांच्या मतदारांनी रीतसर मतदान करून समलिंगी विवाहावर बंदी घातली होती. कॅलिफोर्नियासारख्या राज्यातही ती मंजूर झाली. मग मोजक्या न्यायाधीशांनी लाखो लोकांची मतं बाजूला कशी सारली? हे लोकशाहीत बसतं का?

मी कॅलिफोर्नियात कुटुंब आणि वारसा कायद्याची वकिली करते. या मतदानांचे आणि निकालांचे चटके ज्यांना बसले अशा जोडप्यांच्या फायली माझ्या टेबलावर कायम असतात. त्यामुळे मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. बंदी उठली ते योग्यच झालं असं माझं मत आहे. पण प्रश्न रास्त आहे आणि 'न्यायाधीशांना वाटलं म्हणून' हे त्याचं उत्तर नव्हे. मतपत्रिकेवर शिक्का मारताना कुणी कारण विचारत नाही. न्यायालयात मात्र सरकारला कारण द्यावं लागतं, शपथेवर द्यावं लागतं आणि समोरचा वकील त्याची उलटतपासणी घेतो. सगळ्या खटल्यांचं सार मला यात दिसतं.

आधी पायऱ्या समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. भारतात घटनादुरुस्ती संसद करते, लोकांचं थेट मत घेतलं जात नाही. मराठी माणसाला थेट कौलाची आठवण काढायची तर १९६७ च्या जानेवारीत गोव्यात झालेल्या जनमत कौलापर्यंत मागे जावं लागतं. कॅलिफोर्नियात मात्र ही नेहमीची बाब आहे. ठरावीक संख्येने सह्या गोळा केल्या की प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो आणि साध्या बहुमताने कायदा होतो. सह्या जास्त जमवल्या तर राज्याची घटनाच बदलता येते.

२००० साली 'प्रपोझिशन २२' नावाचा प्रस्ताव ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. इंग्रजीतलं ते चौदा शब्दांचं एकच वाक्य होतं : कॅलिफोर्नियात फक्त स्त्री आणि पुरुष यांच्यातलाच विवाह वैध मानला जाईल. पण तो साधा कायदा होता. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा मताने तो रद्द केला, कारण तो राज्याच्या घटनेशी विसंगत ठरला. जूनच्या मध्यापासून विवाह परवाने मिळू लागले. विरोधकांनी तोवर पुढची पायरी गाठलेली होती. तेच चौदा शब्द त्यांनी घटनादुरुस्ती म्हणून नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आणले. हेच 'प्रपोझिशन ८'. दोन्ही बाजूंनी मिळून प्रचारावर आठ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. ४ नोव्हेंबर २००८ ला, बराक ओबामा निवडून आले त्याच दिवशी, सुमारे ७० लाख विरुद्ध ६४ लाख मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. टक्केवारीत ५२ विरुद्ध ४८.

जून ते नोव्हेंबर या साडेचार महिन्यांत सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्नं केली होती. आता त्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला.

पहिलं आव्हान राज्याच्याच न्यायालयात दिलं गेलं. त्यातला युक्तिवाद भारतीय वाचकाला लगेच कळेल, कारण घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येत नाही, असं सांगणाऱ्या केशवानंद भारती खटल्याशी त्याचं जवळचं नातं आहे. कॅलिफोर्नियाच्या घटनेत 'दुरुस्ती' आणि 'फेररचना' असा भेद आहे. दुरुस्ती सह्या आणि मतदानातून होऊ शकते. घटनेचा पायाच बदलणारी फेररचना करायची तर आधी विधिमंडळात दोन तृतीयांश मतं लागतात. अर्जदारांचं म्हणणं होतं की एका अल्पसंख्य गटाचा समानतेचा हक्क काढून घेणं ही किरकोळ दुरुस्ती होत नाही, हा पायाला धक्का आहे. आपल्याकडच्या मूलभूत चौकटीच्या सिद्धांताचा हा चुलतभाऊच. पण इथे तो चालला नाही. मे २००९ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध १ मताने प्रपोझिशन ८ कायम ठेवलं. आदल्या वर्षी विवाहाचा हक्क देणारं निकालपत्र सरन्यायाधीश रोनाल्ड जॉर्ज यांनी लिहिलं होतं आणि हेही त्यांनीच लिहिलं. मतदारांनी घटना बदलली आहे, आम्ही त्या घटनेला बांधील आहोत, अशी त्यांची भूमिका. कार्लोस मोरेनो या एकट्या न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवलं : बहुमतापासून संरक्षण हा समानतेच्या हक्काचा गाभा आहे आणि तो बहुमताने काढून घेता येत असेल तर त्या हक्काला अर्थ काय? १८,००० जोडप्यांची लग्नं मात्र न्यायालयाने वैध ठेवली. त्यामुळे एकाच गल्लीत एक जोडपं विवाहित आणि शेजारचं अविवाहित, दोघांत फरक फक्त तारखेचा, अशी विचित्र स्थिती झाली. पुढच्या खटल्यात या स्थितीचा फार उपयोग झाला.

राज्यातले दरवाजे बंद झाले तरी एक पायरी उरते. राज्याची घटना ही राज्यापुरती सर्वोच्च असते, तिच्यावर देशाची घटना आहे. मतदार राज्याच्या घटनेत हवं ते लिहू शकतात, पण देशाच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीत प्रत्येक व्यक्तीला कायद्याच्या समान संरक्षणाची हमी आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांना ती मतदानाने बदलता येत नाही. हा नियम समलिंगी विवाहासाठी नव्याने शोधून काढलेला नाही. १९६४ साली याच कॅलिफोर्नियात मतदारांनी मोठ्या बहुमताने घटनादुरुस्ती करून घरमालकांना हव्या त्याला घर नाकारण्याची मोकळीक दिली होती. रोख कृष्णवर्णीयांवर होता. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती टिकू दिली नाही. १९९२ साली कोलोरॅडोच्या मतदारांनी समलिंगी लोकांना भेदभावाविरुद्ध कुठलंही कायदेशीर संरक्षण देण्यावरच बंदी घातली. १९९६ मध्ये 'रोमर' खटल्यात तीही ६ विरुद्ध ३ मताने पडली. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचं म्हणणं होतं की या तरतुदीमागे त्या गटाविषयीच्या आकसाखेरीज दुसरं कारण दिसत नाही.

म्हणजे तत्त्व जुनंच होतं. धोका तत्त्वात नव्हता, वेळेत होता. नेब्रास्कात २००० साली ७० टक्के मतांनी मंजूर झालेली बंदी एका संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायाधीशाने २००५ मध्ये रद्द केली आणि पुढच्याच वर्षी वरच्या न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. शिवाय १९७२ चा एक एका ओळीचा आदेश होता. मिनेसोटातल्या दोन पुरुषांचं अपील तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 'यात संघीय कायद्याचा ठोस प्रश्नच नाही' म्हणून फेटाळलं होतं. ही ओळ पुढची चाळीस वर्षं प्रत्येक सरकारी वकिलाच्या हातात होती. त्यामुळे मे २००९ मध्ये दोन जोडप्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात दावा लावला तेव्हा या विषयात वर्षानुवर्षं लढणाऱ्या संघटना धास्तावल्या. हरलो तर एक पिढी मागे जाऊ, आधी राज्याराज्यांत मतं वळवू, असं त्यांचं म्हणणं होतं. ती भीती निराधार नव्हती. वादींचे वकील होते टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइज, म्हणजे २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून झालेल्या बुश विरुद्ध गोर खटल्यात एकमेकांसमोर उभे राहिलेले दोघे. ओल्सन परंपरावादी रिपब्लिकन गोटातले बिनीचे वकील, आणि तेच विवाहाच्या हक्कासाठी उभे राहिले, हे त्या काळात अनेकांना पचलं नाही.

न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी ठरवलं की केवळ कायद्याच्या मुद्द्यांवर निकाल द्यायचा नाही, पुरावा घ्यायचा. घटनात्मक प्रश्नावर साक्षीपुरावे घेऊन पूर्ण खटला चालवणं फार क्वचित घडतं. त्याआधी ऑक्टोबर २००९ च्या सुनावणीत काय झालं ते बघा. बंदीच्या बाजूचे वकील चार्ल्स कूपर यांचा मुख्य मुद्दा असा : विवाहसंस्थेचा उद्देश प्रजनन आहे, मुलं आईबापाच्या छायेत जन्मावीत म्हणून राज्य विवाहाला मान्यता देतं. वॉकर यांनी विचारलं, ठीक आहे, पण समलिंगी जोडप्यांना लग्न करू दिल्याने त्या उद्देशाला नेमकी बाधा कशी येते? कूपर घुटमळले आणि शेवटी म्हणाले, मला माहीत नाही.

कूपर हे अत्यंत हुशार आणि अनुभवी वकील आहेत. ते उत्तर निष्काळजीपणाचं नव्हतं, त्या प्रश्नाला खरोखरच उत्तर नव्हतं. टीव्हीवरच्या जाहिरातीत ते द्यावं लागलं नव्हतं. 'आपल्या मुलांना वाचवा' एवढं म्हटलं की तिथे काम भागत होतं. कशापासून वाचवायचं आहे, ते मतदाराला कुणी नीट सांगितलं नाही आणि मतदारानेही विचारलं नाही.

११ जानेवारी २०१० ला साक्षी सुरू झाल्या. वादींतर्फे आठ सामान्य साक्षीदार आणि नऊ तज्ज्ञ आले. बंदीच्या बाजूने अखेरीस दोनच तज्ज्ञ उभे राहिले. बाकीच्यांची नावं त्यांनी मागे घेतली. चित्रीकरण होणार असल्याने साक्षीदार घाबरले असं कारण दिलं गेलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मताने कॅमेरे बंद केले तरी ते साक्षीदार आले नाहीत.

हार्वर्डच्या इतिहासकार नॅन्सी कॉट यांची साक्ष मला सगळ्यांत मोलाची वाटते. विवाह कायम एकसारखाच होता, हा समज त्यांनी पुराव्यानिशी खोडला. अमेरिकेत गुलामांना कायदेशीर लग्न करता येत नव्हतं आणि मुक्ती मिळताच ते मोठ्या संख्येने आपल्या लग्नांना कायदेशीर रूप द्यायला पुढे आले. लग्नानंतर बायकोची स्वतंत्र कायदेशीर ओळख पुसली जाई, तिची मिळकत नवऱ्याची होई. अनेक राज्यांत गोऱ्या आणि काळ्यांचा विवाह गुन्हा होता. यातला प्रत्येक नियम आपापल्या काळी विवाहाचा पायाच समजला जात होता. प्रत्येक नियम गेला आणि विवाह उरला. दुसरी साक्ष सॅन दिएगोचे तेव्हाचे महापौर जेरी सँडर्स यांची. ते रिपब्लिकन, आधी पोलीसप्रमुख राहिलेले, मुलगी समलिंगी. 'नागरी भागीदारी' दिली की पुरे, असं आपल्यालाही वाटत होतं आणि तो आपला पूर्वग्रह होता, असं त्यांनी भर न्यायालयात सांगितलं.

नागरी भागीदारीचा मुद्दा लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात नोंदणीकृत जोडीदारांना विवाहाचे जवळजवळ सगळे हक्क आधीच मिळाले होते : मूल दत्तक घेणं, वारसा, इस्पितळातले निर्णय. प्रपोझिशन ८ ने त्यातलं काहीच काढलं नाही. काढलं ते फक्त 'विवाह' हे नाव. बंदीचे समर्थक म्हणत, बघा, आम्ही कुणाचं काहीच हिरावलं नाही. पण न्यायालयात हाच मुद्दा त्यांच्यावर उलटला. समलिंगी जोडपी मुलं वाढवू शकतात हे राज्याने आधीच मान्य केलं आहे, तर नुसतं नाव काढून घेतल्याने मुलांचं कोणतं भलं होतं?

बंदीच्या बाजूचे मुख्य साक्षीदार डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांची बॉइज यांनी घेतलेली उलटतपासणी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी. साक्षीदाराला खोटं पाडण्याच्या फंदात बॉइज पडलेच नाहीत. त्यांनी साक्षीदाराचंच पूर्वीचं लेखन समोर ठेवलं, आणि समलिंगी विवाहाला मान्यता देण्याच्या दिवशी आपण आदल्या दिवसापेक्षा जास्त अमेरिकन असू, हे आपलंच वाक्य ब्लँकनहॉर्न यांना मान्य करावं लागलं. अशा विवाहांमुळे त्या जोडप्यांचं आणि त्यांच्या मुलांचं भलं होईल, हेही त्यांनी कबूल केलं. दोन वर्षांनी त्यांनी आपली भूमिका जाहीरपणे बदलली. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

अंतिम युक्तिवादात पुराव्याविषयी विचारल्यावर कूपर म्हणाले की या मुद्द्याला पुराव्याची गरजच नाही. ४ ऑगस्ट २०१० ला वॉकर यांनी १३६ पानांच्या निकालात बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाची ताकद त्यातल्या ऐंशी तथ्यनिष्कर्षांत आहे. कायद्याचा अर्थ वरचं न्यायालय सहज बदलू शकतं, साक्षीपुराव्यावरून काढलेली तथ्यं खोडणं त्याला अवघड जातं.

नंतर वॉकर यांनी निवृत्त झाल्यावर आपला पुरुष जोडीदार असल्याचं सांगितलं, तेव्हा निकाल रद्द करावा असा अर्ज आला. तो फेटाळला गेला आणि ते बरोबरच झालं. समलिंगी न्यायाधीश या विषयात पक्षपाती ठरत असेल, तर विवाहसंस्थेचं रक्षण करायचं आहे म्हणणाऱ्या कायद्यावर विवाहित न्यायाधीशाने तरी कसा निकाल द्यावा?

प्रपोझिशन ८ शेवटी ज्या मुद्द्यावर गेलं तो बहुतेकांच्या लक्षात नाही. राज्यपाल आणि ॲटर्नी जनरल या दोघांनीही कायद्याचा बचाव करायला नकार दिला होता. आर्नोल्ड श्वार्झनेगर रिपब्लिकन, जेरी ब्राउन डेमोक्रॅट, पण बचावाला दोघंही आले नाहीत. बचावाला उभे होते ते प्रस्ताव मांडणारे खाजगी नागरिक. अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉकर यांचा निकाल कायम केला, पण अगदी अरुंद कारणाने : दिलेला हक्क विनाकारण परत घेतला, एवढंच. मग सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ ला ५ विरुद्ध ४ मताने सांगितलं की या नागरिकांना अपील करण्याचा अधिकारच नव्हता. आपल्या कोर्टात ज्याला सर्रास 'लोकस' म्हणतात तो मुद्दा. कायदा रद्द झाल्याने त्यांचं स्वतःचं काही नुकसान होत नव्हतं, त्यामुळे वॉकर यांचा निकाल हाच अंतिम राहिला. बहुमतात रॉबर्ट्स, स्कालिया, गिन्सबर्ग, ब्रायर आणि केगन एकत्र होते, आणि विरोधात केनेडी, टॉमस, अलिटो, सोटोमायोर. ही विभागणी बघूनच कळतं की इथे कुणी विवाहाच्या बाजूने वा विरुद्ध मत देत नव्हतं. दोनच दिवसांनी, २८ जूनला, सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये क्रिस्टिन पेरी आणि सँड्रा स्टायर यांचं लग्न ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी लावलं. या दोघींनी २००४ सालीही लग्न केलं होतं, महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा, आणि ते न्यायालयाने अवैध ठरवलं होतं.

इथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. सरकारनेच बचाव सोडला म्हणून जनतेने केलेला कायदा वाऱ्यावर पडावा, ही गोष्ट मला आजही खटकते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर प्रस्तावकांना बचावाचा अधिकार आहे असं एकमताने सांगितलं होतं. उद्या मला पटणारा एखादा जनप्रस्ताव मंजूर झाला आणि राज्यपालाने हात झटकले, तर हाच नियम माझ्या अंगावर येईल. जिंकलेली बाजू माझी असली तरी या मुद्द्यावर केनेडी यांचं विरोधी मत मला जास्त पटतं.

त्याच दिवशी 'विंडसर' खटल्याचा निकाल आला. तो मतदानाने घातलेल्या बंदीविषयी नव्हता, अमेरिकी संसदेच्या १९९६ च्या कायद्याविषयी होता. पण पुढची दोन वर्षं जे घडलं ते त्याच्यामुळे. एडिथ विंडसर यांना जोडीदारणीच्या मृत्यूनंतर ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला होता, कारण केंद्र सरकार त्यांचं लग्न मानत नव्हतं. तो कायदा पडताच केंद्राने अशी लग्नं मान्य करायला सुरुवात केली. इथल्या मराठी मंडळींच्या दृष्टीनेही हा मोठा बदल होता. एच-१बी व्हिसावर असलेल्याला समलिंगी जोडीदाराला अवलंबितांच्या एच-४ व्हिसावर आणता येऊ लागलं, नागरिकाला जोडीदारासाठी ग्रीनकार्डचा अर्ज करता येऊ लागला.

मग राज्याराज्यांत दावे लागले. युटा राज्यात २० डिसेंबर २०१३ ला बंदी रद्द करणारा निकाल आला आणि स्थगिती मिळेपर्यंतच्या सतरा दिवसांत तेराशेच्या आसपास जोडप्यांनी लग्नं उरकली. मिशिगनची गोष्ट जास्त बोलकी आहे. एप्रिल डिबोअर आणि जेन राउझ या दोघी परिचारिका. विशेष काळजी लागणारी मुलं त्यांनी दत्तक घेतली होती, पण विवाहित नसल्याने प्रत्येक मुलाची कायदेशीर आई एकच. एकीचा अपघाती मृत्यू झाला तर तिच्या नावावरच्या मुलांवर दुसरीचा काही हक्क नाही. त्यांनी फक्त दत्तकाचा हक्क मागितला होता. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश बर्नार्ड फ्रीडमन यांनीच सुचवलं की खरी अडचण विवाहबंदीची आहे, तिलाच आव्हान द्या. तिथेही साक्षीपुरावे झाले. राज्याच्या मुख्य तज्ज्ञाची साक्ष अजिबात विश्वासार्ह नाही, असा शेरा न्यायाधीशांनी बंदी रद्द करणाऱ्या निकालात मारला. मिशिगनच्या बंदीला २००४ साली २७ लाख मतं पडली होती. तो आकडा राज्य सरकारने पुन्हा पुन्हा पुढे केला, पण दोघींना मुलं एकत्र दत्तक न घेऊ देण्याने मुलांचं काय भलं होतं, याचं उत्तर त्या आकड्यात नव्हतं.

ओहायोतला खटला तर मृत्यूच्या दाखल्यावरचा. जिम ओबर्गफेल यांचे जोडीदार जॉन आर्थर दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले होते. जुलै २०१३ मध्ये छोटं रुग्णवाहू विमान करून ते मेरीलँडला गेले, धावपट्टीवर उभ्या विमानातच लग्न झालं आणि ते परत आले. ओहायो दाखल्यावर आर्थर यांना अविवाहित लिहिणार होतं. त्या एका रकान्यासाठी दावा लागला. ऑक्टोबरमध्ये आर्थर गेले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मताने मिशिगन, ओहायो, केंटकी आणि टेनेसी या चारही राज्यांच्या बंदी कायम केल्या. न्यायाधीश जेफ्री सटन यांचं ते निकालपत्र तुमच्या प्रश्नाची सर्वांत चांगली मांडणी आहे, आणि समलिंगी हक्कांच्या पाठीराख्यांनी ते टाळू नये. हा बदल येणारच आहे, तो न्यायालयाकडून न येता नागरिकांनी एकमेकांना पटवून आला तर जास्त टिकेल, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहेच. २०१२ च्या नोव्हेंबरात मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टनच्या मतदारांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती आणि मिनेसोटाने बंदी नाकारली होती. तोवर ही बाजू मतपेटीत जवळजवळ प्रत्येक वेळी हरत आली होती. तो विजय कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन, तासन्‌तास बोलून मिळवला होता. त्याचं मोल कुठल्याही निकालपत्राला येणार नाही.

तरी मी सटन यांच्याशी सहमत नाही. 'थांबा, लोक बदलतील' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण थांबायचं कुणी? आर्थर यांच्याकडे तीन महिने होते. डिबोअर यांची मुलं लहान होती. हक्क मागणाऱ्याने शेजाऱ्यांचं मन वळेपर्यंत वाट पाहावी असं चौदाव्या दुरुस्तीत कुठेही लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ ला ५ विरुद्ध ४ मताने हेच सांगितलं आणि देशभरातल्या अशा बंदी घटनाबाह्य ठरवल्या. मतदारांचं सगळंच न्यायालय उलटवतं, असंही नाही. त्याच मिशिगनच्या मतदारांनी विद्यापीठ प्रवेशात वंशाधारित प्राधान्याला घातलेली बंदी आदल्या वर्षी याच न्यायालयाने ६ विरुद्ध २ मताने कायम ठेवली होती.

भारतात लोक कायद्यांवर थेट मतदान करत नाहीत, पण 'कोण ठरवणार' हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नसल्याचं एकमताने सांगितलं आणि निर्णय संसदेवर सोडला. नागरी सहजीवनाला मान्यता देण्याच्या बाजूने सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल हे दोघेच होते. त्यामुळे कॅलिफोर्नियात झालेलं लग्न पुण्यात विवाह म्हणून चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मराठी जोडप्यांना मी सांगते की तिकडे फ्लॅट किंवा जमीन असेल तर जोडीदाराच्या नावे भारतीय कायद्याप्रमाणे स्वतंत्र मृत्युपत्र करून ठेवा. सोसायटीत नुसतं नामनिर्देशन केलं म्हणजे मालकी मिळत नाही.

आता सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : अमेरिकेतलं हे सगळं परत उलटू शकतं का? जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या निकालात न्यायमूर्ती टॉमस यांनी विवाहाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा असं स्वतंत्रपणे लिहिलं. त्याच डिसेंबरात संसदेने कायदा केला : एका राज्यात वैधपणे झालेलं लग्न केंद्राने आणि इतर राज्यांनी मानलं पाहिजे. पण कुठल्याही राज्याने परवाना दिलाच पाहिजे, असं तो कायदा म्हणत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुना निकाल उलटवण्याची विनंती असलेलं एक अपील सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाही नकार दिला. मात्र न्यायालयाने रद्द केलेलं कलम घटनेच्या पुस्तकातून आपोआप पुसलं जात नाही. टेक्सासमध्ये, मिशिगनमध्ये ते शब्द आजही छापलेले आहेत, फक्त निष्प्रभ. २०१५ चा निकाल गेला तर ते जागे होतील. कॅलिफोर्नियाने ही वेळ येऊ नये म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा मतदान घेतलं आणि ६२ टक्क्यांहून अधिक मतांनी प्रपोझिशन ८ चे चौदा शब्द घटनेतून काढून टाकले. मी त्या बाजूने मत दिलं.

म्हणून मुलं असलेल्या जोडप्यांना माझा आग्रह असतो की जन्मदाखल्यावर दोघांची नावं असली तरी तेवढ्यावर थांबू नका. ज्या पालकाचं मुलाशी रक्ताचं नातं नाही त्याच्यासाठी दत्तकाचा न्यायालयीन आदेश घ्या. आपल्याच मुलाला दत्तक घ्यायचं याचा राग येतो, तो रास्त आहे, आणि माझ्यासमोर बसून रडलेल्या आया मी पाहिल्या आहेत. पण दाखला ही प्रशासकीय नोंद असते आणि न्यायालयाचा आदेश दुसऱ्या राज्याला मानावाच लागतो. अलाबामाने जॉर्जियातला असा दत्तक आदेश नाकारला, तेव्हा मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुणाच्याही विरोधी मताशिवाय अलाबामाचा निर्णय फिरवला. तो निकाल विवाहाच्या हक्कावर उभा नाही. एका राज्याच्या न्यायालयाचा आदेश दुसऱ्याने मानावा, या घटनेतल्या जुन्या कलमावर उभा आहे, त्यामुळे २०१५ च्या निकालाचं पुढे काहीही झालं तरी तो आदेश तुमच्या हातात राहतो. अर्ज, तारीख, सगळं मिळून काही महिने लागतात. दुसऱ्या राज्यात नोकरी घ्यायचा विचार असेल तर निघण्याआधी करून घ्या.